बॅरिस्टर मुकुंदराव जयकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही विचारा, जयकर म्हणजे लायब्ररी. "जयकरला बसलोय", "जयकरला ये" असं म्हणत म्हणत लोकांचं पूर्ण एमए होऊन जातं आणि हा माणूस कोण होता हे कळत नाही. ज्यांना तरीही उत्सुकता असते त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांब झालीत, काही दोन ओळींत आटोपलीत, कारण माणसाचं आयुष्यच तसं आहे, काही ठिकाणी ठासून भरलेलं आणि काही ठिकाणी नुसती पदं.

थोडक्यात सांगा, कोण होते हे?

मुकुंद रामराव जयकर. जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मृत्यू १० मार्च १९५९. मुंबई हायकोर्टातले बॅरिस्टर, मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, स्वराज्य पक्षाचे नेते, नंतर दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत, तिन्ही गोलमेज परिषदांना हजर, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, लंडनला प्रिव्ही कौन्सिलवर (साम्राज्याचं शेवटचं अपील कोर्ट), मग घटना समितीत, आणि वयाच्या पंच्याहत्तरीत पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. एवढी यादी असून शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव जास्तीत जास्त एका ओळीत येतं, तेही "सप्रू-जयकर" असं जोडीनं (सप्रू म्हणजे अलाहाबादचे वकील आणि नेमस्त पुढारी तेज बहादूर सप्रू).

मस्कतचे डॉक्टर जयकर तेच का, ज्यांच्या नावाचा कुठलातरी प्राणी आहे?

नाही. ते आत्माराम जयकर, ब्रिटिशांच्या नोकरीतले सर्जन, अरबस्तानातल्या रानबकऱ्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात ते आहेत. आडनाव एक, माणसं वेगळी.

घराणं कुठलं, शिक्षण कुठे झालं?

मुंबईचे पाठारे प्रभू. म्हणजे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, इंग्रजी शिक्षणात लवकर शिरलेला, वकिली आणि सरकारी नोकऱ्यांत पुढे असलेला छोटासा समाज. आईकडून ते कीर्तिकर घराण्यातले. वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर हे हायकोर्टातले सरकारी वकील आणि वेदांताचे पक्के अभ्यासक, त्यांचे वेदांतावरचे लेख पुढे १९२४ मध्ये जयकरांनीच संपादित करून छापले. त्यामुळे कायदा आणि वेदांत दोन्ही घरातूनच आलं असं म्हणायला हरकत नाही. शिक्षण मुंबईतच, बीए, एलएलबी, आणि मग विलायतेला जाऊन लिंकन्स इनमधून १९०५ ला बॅरिस्टर.

मधल्या काळात एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. बॅरिस्टर व्हायच्या आधी ते शाळेच्या कामात होते. गिरगावातली आर्यन एज्युकेशन सोसायटीची शाळा १८९७ ची, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत जयकर आहेत. मुंबईत प्लेगचा तो काळ, लोक शहर सोडून पळतायत, आणि हे विशी-पंचविशीतले तरुण शाळा उभी करतायत. शिक्षणाची ओढ म्हातारपणी कुलगुरू झाल्यावर आलेली नव्हती एवढंच यातून लक्षात घ्या.

वकिली खरंच मोठी होती का?

होती. पण त्या वेळची हायकोर्टाची रचना माहीत नसेल तर "मोठी" म्हणजे काय ते कळणार नाही. मुंबई हायकोर्टाला दोन बाजू, ओरिजिनल साइड आणि अपील साइड. मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे, व्यापाऱ्यांची भांडणं, ट्रस्ट, मिळकती हे सगळं ओरिजिनल साइडला थेट हायकोर्टात चालायचं आणि तिथे मुख्यतः बॅरिस्टरांचं राज्य. पक्षकार बॅरिस्टरला थेट भेटायचा नाही, मध्ये सॉलिसिटर, तो ब्रीफ, म्हणजे खटल्याचे कागद, तयार करून द्यायचा आणि बॅरिस्टर कोर्टात उभा राहायचा. हे सॉलिसिटर बहुतेक गोरे, पारशी, गुजराती, त्यामुळे नव्या मराठी बॅरिस्टरला ब्रीफ मिळणं सोपं नव्हतं. जिना त्याच बारमध्ये, भुलाभाई देसाई त्याच बारमध्ये, चिमणलाल सेटलवाड तर आधीपासून बसलेले. या गर्दीत जयकर वर आले ते मुख्यतः तयारीवर आणि इंग्रजीवर. आवाज, भाषेची सफाई, मुद्दा न तोडता शेवटपर्यंत नेणं, पुढे राजकारणातही हेच त्यांचं भांडवल होतं. आणि माझ्या मते अडचणही तीच होती, कारण मैदानातल्या सभेला असलं भाषण चालत नाही.

जालियनवाला बागेशी त्यांचा काय संबंध?

थेट आहे. १९१९ च्या हत्याकांडानंतर सरकारनं हंटर कमिटी नेमली, काँग्रेसनं तिच्यावर बहिष्कार टाकून स्वतःची चौकशी समिती बसवली. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर. मोतीलाल नेहरू सुरुवातीला समितीत होते पण ते अमृतसर काँग्रेसचे अध्यक्ष झाले म्हणून बाहेर पडले आणि जयकर आत आले. सतराशेच्या आसपास साक्षीदारांची विधानं तपासली गेली, अहवाल मार्च १९२० मध्ये बाहेर आला. गांधींचा आग्रह होता की जे सिद्ध करता येईल तेच लिहायचं, एक वाक्य वाढीव नको, आणि वकिलांनी भरलेल्या समितीला ते आपोआप जमलं. गांधी आणि जयकर यांची ओळख खऱ्या अर्थानं या कामात झाली. पुढे राजकारणात दोघांचं फारसं जमलं नाही, पण एकमेकांबद्दलचा आदर टिकला तो इथूनच, आणि तो आदर दहा वर्षांनी कामाला आला. ते खाली येतंच.

मग ते काँग्रेसवाले होते का नव्हते? आणि जिनांचे मित्र होते म्हणतात ते?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर "काही काळ" असं आहे. होमरूल चळवळीत जिना आणि जयकर एकाच बाजूला होते. १९२० मध्ये गांधी होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, त्यांनी नाव बदलून स्वराज्य सभा केलं, घटना बदलली, तेव्हा जी मंडळी राजीनामा देऊन बाहेर पडली त्यात जिना, कन्हैयालाल मुन्शी आणि जयकर होते. जानेवारी १९२२ मध्ये मालवीयजींनी मुंबईत सर्वपक्षीय बैठक बोलावली, सरकार आणि काँग्रेस यांच्यात काही तोडगा निघतो का बघायला, तिचे सेक्रेटरी म्हणून पुन्हा जिना आणि जयकर, सोबत पत्रकार के. नटराजन. तोडगा निघाला नाही. पण बघा, मधे पडून दोन्हीकडची मनं जुळवायचा उद्योग तेव्हापासूनच सुरू आहे.

स्वराज्य पक्षात होते ना? मग सोडला का?

१९२३ मध्ये दास आणि मोतीलाल यांनी स्वराज्य पक्ष काढला, कौन्सिलात जायचं आणि आतून अडवणूक करायची हा त्यांचा कार्यक्रम. जयकर मुंबई विद्यापीठाच्या मतदारसंघातून मुंबई कौन्सिलात गेले (हो, विद्यापीठाच्या पदवीधरांना वेगळी जागा असायची) आणि तिथे पक्षाचे नेते झाले. तेव्हाची पद्धत द्विदल राज्यपद्धती, म्हणजे शिक्षण, आरोग्य, म्युनिसिपालट्या वगैरे खाती भारतीय मंत्र्यांकडे आणि पैसा, पोलीस, जमीनमहसूल गव्हर्नरच्या हातात. मंत्र्याकडे शाळा द्यायच्या आणि तिजोरीची किल्ली द्यायची नाही असला प्रकार.

आता भांडण इथे झालं. पक्षाचं धोरण होतं मंत्रिपद घ्यायचं नाही. महाराष्ट्रातल्या टिळकपंथी मंडळींचं म्हणणं होतं की टिळकांनी प्रतियोगी सहकारिता सांगितली, सरकार जेवढं देईल तेवढं घ्या, वापरा आणि उरलेल्यासाठी भांडा. १९२५ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या श्रीपाद बळवंत तांब्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली आणि भडका उडाला, मोतीलालनी तर महाराष्ट्राचा सडका अवयव कापून टाकायची भाषा केली. असं बोलल्यावर पुणे-नागपूरकडची माणसं गप्प बसणार होती थोडीच. न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि जयकर बाहेर पडले आणि प्रतिसहकार पक्ष उभा राहिला.

मला विचाराल तर युक्तिवाद जयकरांचा बरोबर होता आणि वेळ चुकली. बारा वर्षांनी, १९३७ ला, काँग्रेसनंच प्रांतांत मंत्रिमंडळं बनवली. पण तोवर प्रतिसहकारवाल्यांवर "सरकारशी जुळवून घेणारे" असा शिक्का बसलेला होता आणि तो पुसला गेला नाही.

पेट्रोलवरच्या कराशी त्यांचा संबंध आहे हे खरं का?

खरं आहे आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. १९२७ मध्ये सरकारनं भारतातल्या रस्त्यांची अवस्था बघायला एक समिती नेमली, अध्यक्ष जयकर, ते तेव्हा दिल्लीच्या असेंब्लीत होते. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या आणि रस्ते मात्र बैलगाडीच्या हिशोबाचे, शिवाय रस्ते प्रांतांकडे आणि जिल्हा लोकलबोर्डांकडे, त्यांच्याकडे पैसा नाही. समितीनं १९२८ मध्ये अहवाल दिला, मुख्य मुद्दा असा की रस्ते हा आता नुसता स्थानिक विषय राहिला नाही, देशाच्या पातळीवर बघावा लागेल, आणि पैशासाठी पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्याप्रमाणे गॅलनमागे चार आण्यांचा कर सहा आणे झाला आणि १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. रस्त्यांच्या इंजिनिअरांना एकत्र आणणारी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ ला स्थापन झाली तीही याच अहवालातून.

तो निधी नाव बदलत, कायदा बदलत आजपर्यंत चालू आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं "जयकर कमिटी १९२७" हे पाठ करतात, परीक्षेत दोन मार्काला येतं, आणि त्यातल्या बहुतेकांना हा तोच लायब्ररीवाला जयकर हे माहीत नसतं. उलट इतिहासवाल्यांना रस्त्यांचं माहीत नसतं.

१९२८ च्या कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी जिनांना विरोध केला, त्यामुळे फाळणी झाली असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला नेहरू रिपोर्टवर, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीनं केलेल्या भावी घटनेच्या मसुद्यावर, सर्वपक्षीय परिषद झाली. जिनांनी दुरुस्त्या मांडल्या, मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा, शेषाधिकार (कुणालाच नेमून न दिलेले उरलेले अधिकार) प्रांतांना वगैरे. सप्रूंचं मत होतं की हिशोब करत बसू नका, मागतायत ते देऊन टाका आणि मिटवा. जयकर उठले आणि त्यांनी कडक विरोध केला, जिना सगळ्या मुसलमानांच्या वतीनं बोलत नाहीत, एक दुरुस्ती मानली तर सगळा मसुदा उसवेल, अशा धर्तीवर. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

त्या वेळी जयकर हिंदू महासभेच्या विचारांच्या जवळ होते, लाला लजपतराय आणि मालवीय यांच्या बरोबरीनं काम करत होते, हे लपवून ठेवायचं कारण नाही. आयुष्यभर तडजोड करणारा माणूस नेमका त्या दिवशी ताठ उभा राहिला हे मला खटकतं. पण एका भाषणामुळे देश फुटला हे म्हणणं म्हणजे पुढच्या १९ वर्षांत जिना, काँग्रेस आणि इंग्रज यांनी जे जे केलं ते सगळं माफ करून टाकणं झालं.

"सप्रू-जयकर वाटाघाटी" म्हणजे नक्की काय झालं?

१९३० चा उन्हाळा. मिठाचा सत्याग्रह जोरात, गांधी येरवड्याच्या तुरुंगात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. व्हाइसरॉय आयर्विनला गोलमेज परिषद घ्यायची होती आणि काँग्रेसशिवाय ती म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. सप्रू आणि जयकर मधे पडले. जुलैमध्ये दोघं येरवड्यात गांधींना भेटले, तिथून गांधींचा निरोप घेऊन नैनीला, नेहरू म्हणाले गांधींशी बोलल्याशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही, मग सरकारनं नेहरू बापलेकांना स्पेशल ट्रेननं पुण्याला आणलं. १३ ते १५ ऑगस्ट, येरवड्याच्या तुरुंगात बैठक, गांधी, दोन्ही नेहरू, सय्यद महमूद, वल्लभभाई, सरोजिनी नायडू, जयरामदास दौलतराम, आणि बाहेरून आलेले हे दोन वकील. तुरुंगाच्या आत देशाच्या भवितव्यावर कैद्यांची परिषद, आणि ती सरकारच्याच परवानगीनं!

निष्पन्न काही झालं नाही. काँग्रेसच्या अटी आयर्विनला मान्य होण्यासारख्या नव्हत्या, सप्टेंबरमध्ये सगळा पत्रव्यवहार छापून टाकला गेला. पण ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराआधी पुन्हा हेच, सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री, इकडून तिकडे फिरत होते आणि त्या वेळी जमलं. ऑगस्टमधली ती मेहनत अगदीच वाया गेली नव्हती.

पुणे करारावर त्यांची सही आहे का?

आहे. २४ सप्टेंबर १९३२. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत म्हणून गांधींचं उपोषण २० तारखेला सुरू झालेलं, डॉ. आंबेडकरांवर सगळीकडून दबाव, आणि बोलणी आधी मुंबईत मग येरवड्यात. आंबेडकर काही सोडायला तयार नव्हते आणि का असावेत, ब्रिटिश पंतप्रधानाच्या निवाड्यानं स्वतंत्र मतदारसंघ हातात आलेले होते. शेवटी संयुक्त मतदारसंघ, पण राखीव जागा ७१ वरून १४८, आणि आधी दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे अशी प्राथमिक निवडणुकीची युक्ती. ही युक्ती सप्रूंची म्हणून ओळखली जाते, जयकर मसुद्याच्या कामात त्यांच्याबरोबर होते. मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, आंबेडकर, श्रीनिवासन, एम. सी. राजा आणि इतरांच्या सह्या आहेत. क्रिकेटर पाळवणकर बाळूंचीही आहे. गांधींची नाही.

न्यायाधीश म्हणून काही विशेष?

१९३५ च्या कायद्यानं केंद्र आणि प्रांत यांच्यातले वाद सोडवायला फेडरल कोर्ट आलं, आजच्या सुप्रीम कोर्टाचा पूर्वज. १९३७ ला सुरू झालं तेव्हा न्यायाधीश तीनच, सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि जयकर. आणि गंमत अशी की त्यांच्यापुढे आलेलं पहिलं मोठं प्रकरण मध्यप्रांत-वऱ्हाडनं पेट्रोलच्या विक्रीवर लावलेल्या कराचं! केंद्राचं म्हणणं हा एक्साइज (उत्पादन शुल्क) आहे, आमचा अधिकार, प्रांताचं म्हणणं विक्रीवरचा कर आहे, आमचा. कोर्टानं १९३८ मध्ये प्रांताच्या बाजूनं मत दिलं. विक्रीकर नावाच्या गोष्टीचा घटनात्मक पाया तिथे घातला गेला. पेट्रोल काही त्यांची पाठ सोडत नव्हतं. पुढे १९३९ मध्ये ते लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले.

घटना समितीतला त्यांचा आणि आंबेडकरांचा किस्सा काय आहे?

किस्सा नाही, नोंदलेली गोष्ट आहे. १३ डिसेंबर १९४६ ला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. तीनच दिवसांनी जयकरांनी दुरुस्ती सुचवली की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नाहीत, ते येईपर्यंत थांबा. सभागृह चिडलं. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, अध्यक्ष राजेंद्रबाबूंनी अचानक आंबेडकरांचं नाव पुकारलं, त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांनी जे भाषण केलं ते त्या समितीतल्या सर्वोत्तम भाषणांपैकी एक. त्यात त्यांनी जयकरांचा मुद्दा उचलून धरला, ठराव आत्ताच मंजूर करायचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे की नाही यापेक्षा तसं करणं शहाणपणाचं आहे का ते बघा, असा सूर. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग आलीच नाही.

आता पुढचं बघा. आंबेडकर बंगालमधून निवडून आलेले होते, फाळणीत ती जागा गेली. जयकरांनी मुंबई प्रांतातल्या आपल्या जागेचा राजीनामा दिलेला होता. राजेंद्रबाबूंनी मुंबईचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) बाळासाहेब खेर यांना लिहिलं आणि जुलै १९४७ मध्ये आंबेडकर त्या रिकाम्या जागेवर निवडून आले. ऑगस्टमध्ये मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. जयकरांनी हे काही त्यासाठी केलेलं नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर त्यागाची कथा फिरते. जागा रिकामी होती, ती कामी आली.

पुणे विद्यापीठ त्यांनी काढलं का?

एकट्यानं नाही, पण कागदावर आणलं त्यांनी आणि चालवूनही दाखवलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पुण्याची डेक्कन, फर्ग्युसन, एसपी सगळी कॉलेजं त्यालाच जोडलेली. परीक्षा, अभ्यासक्रम, निकाल सगळं मुंबईवरून. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी जुनी होती, १९४२ मध्ये सरकारनं समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकर. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा झाला, विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची धरतात, आणि पहिले कुलगुरू जयकर. सुरुवातीला १८ कॉलेजं, आठ हजारांच्या वर विद्यार्थी, कक्षा मात्र पश्चिम महाराष्ट्रातले १२ जिल्हे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ ला झालं तोवर तिकडचंही बरंच काम इथूनच.

गणेशखिंडीची जागा मिळाली त्यात खेरांचा मोठा हात, चारशे एकरांच्या वर. ती मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळ्यातली राहायची जागा. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्याचा उत्सव आटोपून पुण्याचा प्लेग कमिशनर रँड इथूनच निघाला आणि रस्त्यात चापेकरांनी त्याला गाठलं. त्याच इमारतीत कुलगुरूंचं ऑफिस आलं. जयकर १९५६ पर्यंत होते, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत, आणि त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे आले. ज्या वयात लोक आरामखुर्ची शोधतात त्या वयात हे गृहस्थ नव्या विद्यापीठाचे विभाग आणि ग्रंथालय उभं करत बसले होते, मला तरी त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा हे जास्त भावतं.

एवढं करून विसरले का गेले?

अनुयायी नव्हते. पक्ष छोटा, जात छोटी, भाषा इंग्रजी वळणाची. तुरुंगात गेलेल्यांची पिढी पुढे सत्तेत आली, हे तुरुंगात जायचे ते भेटायला. शिवाय मधल्या माणसाची नोंद दोन्ही पक्ष आपापल्या सोयीनं ठेवतात. काँग्रेसच्या इतिहासात ते नेमस्त, हिंदुत्ववाल्यांच्या इतिहासात ते अर्धवट आपले, नेमस्तांच्या इतिहासात सप्रूंचे सोबती. त्यात पुन्हा त्यांची टिकलेली कामं अशी आहेत की ज्यांच्यावर कुणी पोवाडे रचत नाही, समितीचा अहवाल, कराची रचना, कराराचा मसुदा.

अजून वाचायचं असेल तर?

त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र दोन खंडांत आहे, म्हातारपणी लिहिलेलं, दुसरा खंड ते गेले त्या सुमारास आला. अडचण एवढीच की ते १९२५ पाशी थांबतं. म्हणजे रस्ते समिती, येरवडा, पुणे करार, फेडरल कोर्ट, घटना समिती, विद्यापीठ यातलं काहीही त्यात नाही. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले त्यांचे खाजगी कागद बघावे लागतात, किंवा मग घटना समितीच्या चर्चा, त्या इंटरनेटवर फुकट मिळतात, १६ डिसेंबर १९४६ चा दिवस काढा आणि लगेच १७ चा वाचा.